तीन बोटांवर एक ठिपका

२२ ऑगस्ट

दादा,

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुला धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागले की पंपघरामागच्या माझ्या खोलीतलं बोलणं दोन्ही इमारतींना पाठ होतं. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. वहिनीला वाचून दाखव. तिचा चष्मा सापडायची वाट बघत बसू नकोस.

तू एकोणीस वर्षांपूर्वी इथे बसवलेली काच अजून तशीच आहे. दोन इमारतींना जोडणारा तो चाळीस पावलांचा जोडमार्ग, दोन्ही अंगांना जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच, एका बाजूला बाग आणि दुसऱ्या बाजूला झाडं. नवीन भाडेकरू आला की आधी तिला हात लावून बघतो, मध्ये खरंच काही आहे की नाही म्हणून. मी प्रत्येकाला सांगते, माझ्या भावाने बसवलीय.

सफाईची मुकादम म्हणून मला इथे सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. पावसाळा संपत आला की आणि पुन्हा थंडी सरताना, त्या काचेखाली सकाळी पक्षी मरून पडलेले असतात. कधी एक, कधी दोन, एखाद्या दिवशी पाच. मुठीत मावतील एवढाले. काहींचं पोट उचलताना अजून ऊबदार असतं. मॅनेजरसाहेबांचा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम आहे, सहाच्या आत उचलायचे, काचेवरचा डाग पुसायचा, रहिवाशांची सकाळ खराब होता कामा नये. मी उचलते, काळ्या पिशवीत घालते, डाग पुसते.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात कॉलेजच्या दोन मुली घरोघर कागद घेऊन आल्या होत्या. शहरातल्या वन्यजीवांबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं काहीबाही विचारायच्या. त्याचा निकाल फलकावर लागलाय. एकशे बारा घरांपैकी एकशे नऊ घरांनी लिहिलंय की शहरातले पशुपक्षी जपलेच पाहिजेत. त्याच्या खालचा प्रश्न आहे, तुमच्या आवारात कधी मेलेला किंवा जखमी पक्षी पाहिलात का? तिथे एकशे बाराच्या एकशे बारा घरांनी लिहिलंय, कधीच नाही. त्या जोरावर सोसायटीला 'पक्षीस्नेही वसाहत' असं प्रमाणपत्र मिळालं. ते चौकटीत घालून जोडमार्गातच लावलं. खिळा ठोकताना शिडी मी धरली होती, आणि त्याच सकाळी मी चार उचलले होते.

हे लोक खोटं बोलत नाहीत रे. त्यांना खरंच माहीत नाही. आणि त्यांना माहीत नाही, कारण मी झाडते. मला चार दिवस जेवण गोड लागत नाहीये. तू काचेतला माणूस आहेस, काय करू ते सांग.

तुझी
बेबी


२९ ऑगस्ट

बेबे,

पत्र मिळालं. तुझी वहिनी चष्म्याशिवाय ऐकत बसली आणि मध्येच उठून गेली. मी पुढचं एकट्याने वाचलं.

त्या काचेत काही दोष नाही. बहात्तर तावदानं मी स्वतः पातळी लावून बसवलीत, एकाचंही सिलिकॉन आजवर सुटलेलं नाही. पक्षी सगळीकडेच मरतात. मांजरं खातात, तारांना चिकटतात. आपण किती जणांचं मनाला लावून घ्यायचं?

तुझी नोकरी गेली तर खोलीही जाते, हे मी तुला सांगायला नको. भावोजी गेल्यावर तू ही नोकरी कशी धरून ठेवलीस ते मी पाहिलंय. तेव्हा उचल आणि गप्प बस.

आणि एक, काच भावाने बसवली असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसू नकोस. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गुडघा पावसात ठणकतो. दुकानात मत्स्यपेट्यांचं काम भरपूर आहे. बाकी ठीक.

दादा


११ सप्टेंबर

दादा,

गप्प बसणं मला जमलं नाही. आधी सांगून टाकते, म्हणजे तू शेवटची ओळ आधी वाचणार नाहीस.

आठ-नऊ दिवसांपूर्वी पहाटे काचेखाली सात होते. मी पहिला उचलायला वाकले आणि माझी कंबर धरल्यासारखी झाली. दुखत नव्हती, नुसतं वाकवेना. मी झाडू भिंतीला टेकवला आणि बाकावर बसून राहिले.

साडेसहाला फिरायला जाणारे खाली उतरले. सगळ्यात पुढे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षबाई, त्या दातांच्या डॉक्टर आहेत. बूट त्यांचा एका पक्ष्याच्या इतका जवळ पडला की त्या उडाल्याच.

"हे काय आहे?"

"पक्षी आहेत, बाई."

"ते दिसतंय मला. इथे काय करतायत?"

"रोज असतात. आज मी उचलले नाहीत."

"रोज?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी सहा वर्षं चोरत होते.

मग गर्दी जमली. कुणी म्हणालं विष घातलंय. कुणी म्हणालं रोगाची साथ आहे, आरोग्य खात्याला फोन लावा. एकीने बागेतल्या मांजरीचं नाव घेतलं. मी म्हणाले, काचेला धडकतात. तर एक गृहस्थ हसून म्हणाले, एवढी मोठी काच त्यांना दिसत नाही होय? तेवढ्यात सहाव्या मजल्यावरचे म्हातारे वैमानिक पुढे आले. निवृत्त आहेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी काचेवरच्या डागावर बोट ठेवलं. पंखांचा पसारा जसाच्या तसा उमटला होता, पिठाच्या हातासारखा. ते म्हणाले, "विमानाच्या काचेवर असाच उमटायचा. आम्ही दर वेळी नोंद करायचो. इथे नोंदच झाली नाही."

मॅनेजरसाहेब मला नंतर थोडं बोलले. ते असू दे.

दोन दिवसांनी कमिटीने उपाय केला. ससाण्याच्या आकाराची तीन काळी चित्रं आणून काचेला आतून चिकटवली, भिऊन लांब जातील म्हणून. पाचव्या दिवशी एक खंड्या त्या ससाण्याच्या पंखाला लागूनच मरून पडला. निळा इतका, की अध्यक्षबाई त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला काही सुचतंय का?"

मला काय सुचणार? माझा भाऊ काचेचं काम करतो, एवढंच मी म्हणाले. आता मला तोंडघशी पाडू नकोस.

बेबी


२६ सप्टेंबर

दादा,

पंधरा दिवस झाले. तुझ्या कामाला मी नाव ठेवलं म्हणून रागावला असशील, तर तसं लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, तुझ्या शिव्यांची मला सवय आहे. तुझ्या गप्प बसण्याची नाही.

काल तीन होते. आता मी ते एका पांढऱ्या ताटात ओळीने ठेवते आणि आठ वाजेपर्यंत तिथेच राहू देते. काही जण वाट वाकडी करून मागच्या दाराने जातात. पण काही जण थांबतात.

बेबी


३० सप्टेंबर

बेबीवन्सं,

चष्मा सापडला, पिठाच्या डब्यात होता. तुमचे दादा लिहितील तेव्हा लिहितील, तोवर मी लिहिते.

ते रागावलेले नाहीत. ते कामात आहेत, आणि काम कसलं ते ऐका. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची त्यांनी चाळण करून टाकलीय. एका तावदानावर उभ्या रेघा, एकावर आडव्या, एकावर ठिपके. मागच्या अंगणात दोन खांब रोवून त्यात दुकानातली मोठी काच उभी केलीय आणि तिच्यापुढे बारीकशी जाळी लावलीय, म्हणजे जो येईल तो जाळीला अडेल, मरणार नाही. रोज उजाडल्यापासून स्टुलावर बसून वहीत रेघोट्या ओढतात. शेजारीण मला विचारत होती, भाऊजींची तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, गेल्या कित्येक वर्षांत इतकी बरी नव्हती.

दुसरं असं. तुम्ही लिहिलंत की मॅनेजर 'थोडं' बोलले. सासूबाई गेल्या तेव्हाही तुम्ही 'थोडा ताप होता' असंच कळवलं होतं. तुमचं थोडं किती असतं ते मला ठाऊक आहे. खोली सोडायची नोटीस मिळालीय का? खरं सांगा. इथे एक खोली रिकामी आहे आणि मला संगतीला कुणीतरी हवंच आहे. पण तुम्ही हरून इथे यावं अशी माझी इच्छा नाही.

वहिनी


३ ऑक्टोबर

बेबे,

तुझ्या वहिनीने तुला काय लिहिलं ते ती मला सांगत नाही. म्हणजे सगळंच लिहिलं असणार.

आधी मला एक सांगून टाकू दे. एकोणीस वर्षांपूर्वी शेवटचं तावदान चढवलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी संरक्षक कागद काढत होतो. कागद निघाला आणि पाचेक मिनिटांत एक पक्षी सरळ येऊन माझ्या डोक्याशेजारी आपटला. तेव्हा मला ऐकू यायचं. तो आवाज मी विसरलो नाही. मी इंजिनियरला दाखवलं. तो म्हणाला, पुसून टाक, उद्या उद्घाटन आहे. मी पुसलं. तुझ्याआधी त्या काचेवरचा पहिला डाग मी पुसलाय. म्हणून तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तुला गप्प बस म्हणालो. तुला नव्हे, स्वतःलाच म्हणालो.

आता कामाचं. नीट वाच, हेच तुला कमिटीपुढे बोलायचं आहे.

पक्ष्याला काच दिसत नाही. त्याला काचेपलीकडचं झाड दिसतं, नाहीतर काचेत पडलेलं झाड दिसतं, आणि तो त्या झाडाकडे जातो. ससाण्याचं चित्र त्याला ससाणा वाटतच नाही, नुसता काळा अडथळा वाटतो, तो त्याच्या बाजूने घुसतो. म्हणून सगळी काच भरायला हवी. शर्टाच्या गुंडीएवढा पांढरा ठिपका, तीन बोटं सोडून दुसरा, तीन बोटं सोडून तिसरा, खाली-वर आणि आडवे. तेवढ्या फटीतून आपण जाऊ शकू असं लहानात लहान पक्ष्यालाही वाटत नाही. चार बोटं सोडून बघितलं तर चिमणीहून लहान वटवट्या घुसायला बघतो. आणि ठिपके बाहेरच्या बाजूने हवेत. आतून लावले तर काचेत पडलेलं आभाळ त्यांना झाकून टाकतं. माणसाला दोन दिवसांनी ठिपके दिसेनासे होतात, तुझ्या वहिनीला आता खिडकीतून शेजारीण पूर्वीसारखीच दिसते.

कमिटीकडे सगळी काच मागू नकोस. अर्धी माग. जोडमार्गाचा बागेकडून डावा अर्धा, दोन्ही अंगांनी, छत्तीस तावदानं. उजवा अर्धा जसा आहे तसा राहू दे आणि मोजा. सध्या मी रंगाने करतो, पटलं नाही तर पात्याने खरवडून काच पहिल्यासारखी करून देईन. पटलं तर पुढे काच कुरतडणाऱ्या लेपाने कायमचं करू.

बोलताना रडू नकोस आणि कुणापुढे हात जोडू नकोस. तू त्यांच्याकडे काही मागायला जात नाहीयेस. कमिटीने हो म्हटलं की नुसतं 'ये' एवढं कळव. ठिपक्यांचे छापे कापून तयार आहेत.

दादा


७ ऑक्टोबर

दादा,

ये.

आणि आता बाकीचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्या पहिल्या पक्ष्याचं वाचून तुझा राग यायला हवा होता, पण मला हलकं वाटलं. सहा वर्षं मला वाटत होतं की ही घाण एकटीच्याच हाताला लागलीय.

वहिनीला सांग, हो, नोटीस मिळालीय. पाच आठवड्यांत खोली रिकामी करा, कारण 'कामात हेतुपुरस्सर कसूर'. कालच्या सभेत मॅनेजरसाहेबांनी तीच वाचून दाखवली. म्हणाले, आज सफाईवाली काचेचं ठरवणार, उद्या माळी लिफ्टचं ठरवेल. लोक हसले. मला हसू आलं नाही, पण रडूही आलं नाही. मी उभी राहिले आणि तू लिहिलंस तसंच बोलले, ठिपका, तीन बोटं, बाहेरची बाजू. मग कुणीतरी म्हणालं, घरं आम्ही या मोकळ्या काचेसाठी घेतलीत, तिला देवी आल्यासारखी कशाला करायची? तेव्हा मला जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. म्हणाले, "तुम्ही कागदावर लिहिलंत, कधीच पाहिला नाही. ते खरंच आहे. तुम्ही पाहू नये म्हणून मला ठेवलंय. आता मी तुमच्यासाठी झाडायचं की तुम्हाला दाखवायचं, ते तुम्ही सांगा."

मग अध्यक्षबाई म्हणाल्या की अर्धी काच, पाच आठवडे. मॅनेजरसाहेब म्हणाले, मोजणार कोण, हीच ना? वैमानिक आजोबा म्हणाले, "हिने मोजू नये. मीही मोजू नये. रोज एका घराने मोजावं. सहा वाजता खाली यायचं, तिच्याबरोबर फिरायचं आणि स्वतःच्या अक्षरात लिहायचं."

नोटिशीचा निर्णय मोजणी झाल्यावर. म्हणजे उजव्या-डाव्यात फरक पडला नाही, तर मी वहिनीला संगतीला. गुडघ्याचा पट्टा आण. माझ्या खोलीत दोन माणसं झोपली तर दार उघडत नाही, पण जमवू.

बेबी


२२ ऑक्टोबर

बेबे,

सुखरूप पोचलो. गाडीत गुडघा सरळ करायला जागा मिळाली नाही, बाकी त्रास नाही.

त्या नऊ दिवसांबद्दल तुझ्या वहिनीला मी एवढंच सांगितलं की बेबी शिडी चांगली धरते. ती म्हणाली, इतक्या दिवसांनी आलात आणि एवढंच? मग सांगत बसलो तर जेवण गार झालं. छापा काढताना ठिपक्याची कड कशी साफ सुटायची ते. तू खालचे करायचीस आणि मी वरचे, आणि मधल्या ओळीवरून आपण भांडलो ते. ते वैमानिक मला मोठ्याने बोलून थकले नाहीत, हेही सांगितलं.

आता मोजणीचं रोजच्या रोज कळवू नकोस. मला झोप लागणार नाही. संपली की एकदम कळव. हरलो तर मी पातं घेऊन येईन आणि तुझं सामान घेऊन जाईन. त्या कामाचीही मला लाज वाटणार नाही.

दादा


२५ नोव्हेंबर

दादा,

खुर्चीवर बस. वहिनीलाही बसव.

मोजणी संपली. पस्तीस सकाळी, पस्तीस घरं, पस्तीस अक्षरं. मोकळ्या अर्ध्या काचेखाली सत्तेचाळीस पक्षी. ठिपक्यांच्या अर्ध्या काचेखाली एक. एक, दादा. आणि तोही अर्ध्या तासाने उठून बसला, विष्ठा टाकली आणि उडून गेला.

पण आकड्यांपेक्षा मला त्या सकाळी सांगायच्या आहेत. पहिल्या आठवड्यात लोक कपाळाला आठ्या घालून खाली यायचे. एका गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला होता. हे तेच, ज्यांना पक्ष्याला काच दिसत नाही याचं हसू आलं होतं. त्यांच्या पाळीला पाच निघाले. चौथ्याला त्यांनी रुमाल काढला आणि पाचव्याला त्याच रुमालात उचललं. मला म्हणाले, "याचं वजनच नाही हो." मग तसेच वर घेऊन गेले, घरच्यांना दाखवायला. दुसऱ्या दिवशी पाळी नसताना त्यांच्या घरातले चौघे खाली हजर.

तिसऱ्या आठवड्यापासून यादीतल्या नावापेक्षा जास्त माणसं यायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई पुस्तक घेऊन यायच्या आणि नावं सांगायच्या. मी सहा वर्षं ज्याला 'हिरवट' म्हणत होते तो वटवट्या निघाला. दुसरा माशीमार. तो कुठून येतो आणि कुठे जातो हेही त्यांनी सांगितलं. इतक्या लांबून येऊन तो आमच्या दारात मरायचा.

कालच्या सभेला उभं राहायलाही जागा नव्हती. अध्यक्षबाईंनी वही मोठ्याने वाचली, एकेका घराने काय लिहिलंय ते. मग मत घेतलं. एकशे बारापैकी एकशे चार घरं, सगळी काच, कायमची. उरलेल्या आठांतले तिघे गावाला गेलेत.

मग मॅनेजरसाहेब उठले. मला वाटलं नोटीस काढतात. ते म्हणाले, "सहाच्या आत उचलायला मीच सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं लोकांना तेच हवं असेल." एवढं बोलून त्यांनी नोटिशीचे चार तुकडे केले आणि खिशात घातले. सभागृहात कचरा करायचा नाही, हे मीच त्यांना शिकवलंय.

आणि ती चौकट अध्यक्षबाईंनी स्वतः उतरवून कॉलेजला परत पाठवलीय. सोबत वहीची नक्कल जोडून लिहिलंय, आमची उत्तरं चुकली होती, पुन्हा विचारायला या.

खोली माझीच आहे. लेप घेऊन कधी येतोस?

बेबी


२ डिसेंबर

बेबे,

पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्यालाही वाचून दाखवलं. तो मत्स्यपेटी न्यायला आला होता आणि आपल्या घराच्या गॅलरीची मापं देऊन गेला.

तुझी वहिनी रडली आणि मग म्हणाली, खोली रिकामीच राहिली म्हणायची. दोन्ही खरं होतं.

लेप जपून वापरायचा असतो, हातमोजे आणि चष्मा लागतो, म्हणून तो भाग मी आणि माझे दोन कारागीर करू. पण आधी सगळ्या काचेवर छापे चिकटवायचे आहेत. त्याला हात हवेत. जानेवारीत येतो. या वेळी तुझ्या वहिनीलाही आणतोय, तेव्हा ते दार उघडण्याचं काहीतरी बघ.

दादा


१६ एप्रिल

दादा, वहिनी,

तुम्ही गेल्यापासून लिहायला हात रिकामा नव्हता. थंडी सरली, पक्षी परत फिरले आणि सगळे आमच्यावरून गेले. रोज सकाळी कुणी ना कुणी माझ्याबरोबर फिरतं. आता यादीच उरली नाही, ज्याला जाग येते तो येतो. बेचाळीस सकाळी झाल्या. दोन पक्षी नुसते भोवंडून खाली बसले होते, दोघांनाही खोक्यात अंधार करून ठेवलं, दोघेही उडाले. मेलेला एकही नाही. परवा माझ्या डोळ्यांदेखत एक माशीमार बागेकडून सुसाट आला, काचेपासून हातभरावर पंख फाकवले, सरळ वर चढला आणि छपरावरून झाडांत गेला. जानेवारीत ज्यांनी बोटं आखडेपर्यंत छापे चिकटवले होते त्या बायका माझ्या शेजारी उभ्या होत्या. शाळेतल्या बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे वळ उठला.

पण मी लिहितेय ते काल झालं त्याबद्दल.

अध्यक्षबाईंच्या दवाखान्यात शहरभरची माणसं दात दाखवायला येतात. तोंड उघडं असतं तोवर त्या त्यांना काचेचं सांगतात. त्यातूनच निघालं, की ज्या ज्या इमारतींना मोठ्या काचा आहेत तिथल्या सफाईच्या बायकांना आणि माणसांना एकदा बोलवावं, बेबी त्यांच्याशी बोलेल. मी म्हटलं, मी काय बोलणार? तरी बोलवलं. काल दुपारी आमच्या सभागृहात चौदा इमारतींतून चौदा जण आले. कचेऱ्या, एक हॉटेल, एक ग्रंथालय, एक मोठा दवाखाना. सगळे गणवेशातच आले होते, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले, आता कुणीतरी उठवेल अशा बेताने.

मी तयारी केली होती. वही होती, तुझा छापा होता. समोरची माणसं बघितली आणि सगळं बाजूला ठेवलं. मी एवढंच विचारलं, "सकाळी तुम्ही किती उचलता?"

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग हॉटेलातली एक वयस्क बाई खाली मान घालून म्हणाली, "तीन-चार. साहेब म्हणतात पाहुणे उठायच्या आत." तिच्या शेजारचा म्हणाला, "आमच्याकडे दोन." ग्रंथालयातली म्हणाली, "आमच्याकडे गेल्या साली एका दिवशी अकरा. मी घरीसुद्धा सांगितलं नाही." मग सगळेच बोलायला लागले. चौदाच्या चौदा जण, दादा. एकही इमारत सुटली नाही. एक जण अकरा वर्षं उचलतोय, एक बाई सतरा. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच काचेखाली होतं आणि ते लपवायचं काम आपल्या एकट्याकडे आहे. सगळं शहर म्हणत होतं कधीच पाहिला नाही, आणि त्याच शहरात आम्ही पंधरा जण होतो.

बोलता बोलता ती माणसं खुर्चीत मागे टेकून बसली. हॉटेलातल्या बाईने विचारलं, "मग उद्यापासून काय करायचं?" मी म्हणाले, "उद्या उचलू नका. सगळे उठेपर्यंत थांबा. कुणी ओरडलं तर त्याला माझं नाव सांगा, आणि आमची वही बघायला इथे पाठवा."

आज सकाळी सहा वाजता चौदा काचांखाली कुणीही झाडलं नाही. नऊपासून आमच्या कचेरीतला फोन वाजतोय. मॅनेजरसाहेबच उचलतायत आणि प्रत्येकाला सांगतायत, तीन बोटं सोडून, बाहेरच्या बाजूने. मी दारात उभी राहून ऐकते आहे. ते एकदाही चुकले नाहीत.

तुझी
बेबी